विरळ विणीतून जाणारं औषध

घरात आजारी माणूस एक आणि कुजबुजणारी माणसं चार, हा देखावा आपल्यापैकी कुणाला नवीन आहे? सुरतेतल्या नवागामला हिलाल मास्तरांच्या दोन खोल्यांत गेले बारा दिवस तेच चाललं होतं. मास्तरांच्या बायकोच्या, मालतीबाईंच्या छातीत गाठ निघाली होती आणि तपासणीत ती कॅन्सरची ठरली होती. हे मास्तरांना ठाऊक, मुलगा ललितला ठाऊक, सून वर्षाला ठाऊक, अमळनेरच्या व्याह्यांनासुद्धा ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या मालतीबाईंना! त्यांना सांगितलं होतं, रक्त कमी झालंय.

नाव ऐकलं तर ती हाय खाईल, असं सगळ्यांचं म्हणणं. म्हणून टीव्हीवर तंबाखूविरोधी जाहिरात लागली की ललित झटकन चॅनेल बदलायचा. साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम मालतीबाई वीस वर्षं घरी करत होत्या. वर्षाने साड्यांचा गठ्ठाच परत करून टाकला. मालतीबाईंनी आपल्या खानदेशी अहिराणीत विचारलं, "मन्हा हात तं चांगला शे. मंग काम काबर बंद कयं?" कुणी छताकडे पाहिलं, कुणी मोबाइलकडे.

मास्तर शाळेतले नव्हेत; पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये ते कापड रंगवण्याचं काम बघायचे. तीस वर्षांत त्यांचा रंग चुकला असं क्वचितच झालं असेल. दोन थेंब निळा जास्त पडला तरी त्यांना नुसत्या नजरेने कळे. त्यामुळे आपल्याला फसवणारा अजून जन्मायचाय, असा त्यांना थोडा ताठाही होता.

सोमवारी डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा मालतीबाईंना बाहेर बाकावर बसवून मास्तर एकटेच आत गेले.

"काकीला पण बोलवा ना," डॉक्टर म्हणाले. ते गुजराती, पण मराठी पेशंटांशी बोलून बोलून त्यांना जमायला लागलं होतं.

"तिला काय समजतं, साहेब? मला सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. गाठ काखेपर्यंत आणि तिथून थोडी पुढे गेली आहे. त्यावर एक जुनं, चांगलं औषध आहे, पण ते हृदयाला त्रास देतं आणि मालतीबाईंचं हृदय आधीच नाजूक आहे. तेच औषध नॅनो रूपातही मिळतं. त्याचा हृदयाला धोका कमी. "गुरुवारपर्यंत सांगा. आणि काका, काकीला विचारून सांगा."

नॅनो! हा शब्द कानावर पडला आणि मास्तरांचं मन उडालं. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने साड्यांच्या लॉटवर 'नॅनो फिनिश' छापून मागितलं होतं. मिलने काय केलं? कापड मऊ करायच्या नेहमीच्याच पाण्यातून साड्या काढल्या आणि पिशवीवर नवं, चकचकीत लेबल लावलं. लॉट मास्तरांच्याच हाताखालून गेला होता आणि लेबल बघून ते पोट धरून हसले होते. आता तेच लेबल दवाखान्यातही आलं म्हणायचं! त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. जुनं औषध घ्यायचं, ही भानगड नको. हृदयाबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते, ते त्यांनी कानाआड केलं. आणि जिच्या हृदयाचा प्रश्न होता, तिला विचारायचं तर त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

बुधवारी सकाळी रक्त तपासणीला द्यायला मालतीबाईंना घेऊन ते पुन्हा दवाखान्यात गेले. कॅन्सरची औषधं तयार करण्याचा विभाग तळमजल्यावर होता. तिथल्या प्रमुख अरुणाताई मराठी शिक्षकाची मुलगी, सुरतेतच वाढलेल्या, आता पन्नाशीच्या. मास्तरांनी मालतीबाईंना दाराशी उभं केलं आणि आत वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, डॉक्टर साहेबांना सांगा, ते नॅनो-बिनो आम्हाला नको. साधंच द्या."

"कोणासाठी? पेशंट कुठंय?"

"ती काय... दाराशी."

मालतीबाई दाराशी नव्हत्याच. त्या मास्तरांच्या पाठीशी येऊन उभ्या होत्या.

"काय नको शे?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी अरुणाताईंना डोळ्यांनी खुणावलं. अरुणाताईंनी खूण पाहिली आणि दोन खुर्च्या पुढे ओढल्या. "बसा दोघं. भाऊ, तुमच्या घरातली गोष्ट मी फोडणार नाही. पण यांनी मला काही विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही. तेव्हा तुम्हीच सांगा."

 बोलल्या त्या मालतीबाईच. "कॅन्सर शे ना माले? तो ललित चॅनेल बदलस ना, तवाच समजनं. तुम्ही मन्हापासून दपाडी राह्यनात, मी तुम्हनापासून. बारा दिवस मी एकलीच रडनू, तुम्हले समजू नये म्हणून न्हाणीत जाई जाई!"

मास्तरांना वाटत होतं, आपण हिला दुःखापासून वाचवतोय. वाचवलं कुठे? नुसतं एकटं टाकलं! त्यांनी मान खाली घातली.

मालतीबाईंनी मात्र पदराने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे सरकवली. इतके दिवस कोंडलेले प्रश्न होते त्यांच्याकडे. "ताई, मला एक सांगा. सुई तर हाताला टोचणार. मग हातातलं औषध छातीतल्या गाठीला सापडतं कसं? त्याला रस्ता कोण सांगतं?"

अरुणाताईंचा चेहरा खुलला. "वीस वर्षांत हा प्रश्न मला चार जणांनीसुद्धा विचारला नसेल! साधं औषध रस्ता शोधत नाही हो. ते सगळ्या अंगभर जातं. गाठीतही जातं, हृदयातही. नॅनो औषधात तेच औषध, रंगाने लाल असतं ते, चरबीच्या बारीक बारीक पुड्यांत भरतात. एका केसाच्या जाडीत सात-आठशे पुड्या ओळीने बसतील, एवढ्या बारीक."

"अन् त्या पुड्या?"

"गाठ घाईघाईने वाढते. तिला रक्त नेणाऱ्या नळ्याही घाईत तयार झालेल्या, विरळ विणीच्या. चांगल्या अवयवांच्या नळ्यांची वीण घट्ट. पुडी घट्ट विणीतून सहसा जात नाही, विरळ विणीतून आत शिरते."

"मच्छरदाणीतून चिलट शिरतं तसं," मालतीबाई म्हणाल्या.

"अगदी तसं!"

मास्तर खाली मान घालूनच ऐकत होते. पण पंधरा-वीस हजार लॉट रंगवलेला माणूस किती वेळ गप्प बसणार? "ताई, एवढी बारीक वस्तू पाण्यात सुटी राहत नाही. आमच्याकडे पॉलिस्टरचा रंग नुसता टाकला तर त्याचे गोळे होतात, कापडावर डाग पडतात. गोळे होऊ नयेत म्हणून वेगळं रसायन घालावं लागतं. तुमच्या पुड्या चिकटत नाहीत?"

"चिकटल्या असत्या. म्हणून त्यांना वरून एक आवरण देतात. त्याने गोळेही होत नाहीत आणि रक्तात त्या जास्त वेळ टिकतात. मास्तर, हे गणित सोडवायला लोकांची वर्षं गेलीत, आणि तुम्ही बसल्या बसल्या नेमकं तेच विचारलंत!"

मास्तर खुर्चीत सरळ बसले. मालतीबाईंची तर प्रश्नांची भूकच वाढली होती. "पुडीत आणखी काय भरता येतं?"

"चिठ्ठी. म्हणजे पेशीला द्यायची सूचना, असं समजा. हे चुकीचं काम थांबव, किंवा शरीराच्या शिपायांनो, हा चोर ओळखा. कॅन्सरसाठी अशा चिठ्ठ्यांच्या चाचण्या जगात ठिकठिकाणी चालल्यात. आपल्यासाठी आज त्यातलं काही नाही, हेही सांगते."

"आन् तुमच्या औषधात खोट काय?" मास्तरांनी एकदम विचारलं. आवाजात अजून जुना संशय होता.

"आहे ना. सगळ्या पुड्या गाठीत जात नाहीत. बऱ्याच लिव्हरमध्ये अडकतात. हातापायांचे तळवे लाल होऊन सोलू शकतात. हृदयाचा धोका कमी होतो, संपत नाही, म्हणून मधून मधून तपासावं लागतं. आणि गुण येईलच असं मी लिहून देणार नाही. प्रत्येकाच्या गाठीची वीण सारखी नसते."

मास्तर थक्क झाले. सुरतेच्या कापडबाजारात तीस वर्षं काढली, पण गिऱ्हाईकाने पैसे काढायच्या आधी डाग दाखवणारा माणूस त्यांना भेटला नव्हता! ज्याला फसवायचंय तो कधी असं बोलतो? त्यांनी पाहिलं होतं ते खोटं लेबल होतं. पण खोटं लेबल त्यांच्या मिलने लावलं होतं, या औषधाने नाही. आणि त्या एका लेबलाच्या संशयापायी ते बायकोच्या नाजूक हृदयात तसंच उघडं औषध सोडायला निघाले होते!

"माझं चुकलं," ते मालतीबाईंना म्हणाले. "मी तुले न इचारता नको सांगाले उनू व्हतू. तुन्हा वतीनं!"

"मंग आते इचारा."

"काय करानं?"

मालतीबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. "उद्या मी सोता डॉक्टरले इचारसू. मंग सांगसू."

आणि गुरुवारी त्या आत गेल्या, डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि एकेक प्रश्न विचारला. हृदय कधी तपासणार? हात सोलले तर टिकल्यांचं काम करता येईल का? औषध लागू पडलं नाही तर पुढे काय? "दुसरा मार्ग बघू," डॉक्टर म्हणाले, "आणि तो तुम्हालाच आधी सांगू." मालतीबाईंनी संमतीच्या कागदावर मोठ्या, वाकड्या अक्षरांत स्वतःची सही केली. मास्तर बाजूला स्टुलावर बसले होते. एकदा त्यांचं तोंड उघडलं होतं, पण त्यांनी ते आपण होऊनच मिटलं.

मिलमध्ये पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच लेबल आलं. जे केलं नाही ते मी छापू देणार नाही, असं मास्तरांनी शेठला सांगितलं. शेठ हसले आणि त्यांनी ते दुसऱ्या पाळीत लावून घेतलं. जग एका दिवसात सुधारत नाही.

पण घर सुधारलं. औषधाचा पहिला डोस घेऊन आल्यावर दोन दिवसांनी शेजारच्या शांताबाई डबा घेऊन चौकशीला आल्या. ललित सवयीने म्हणाला, "काही नाही काकू, मम्मीचं रक्त जरा..."

"कॅन्सर शे," मालतीबाई आतून म्हणाल्या. "छातीनी गाठ. औषध चालू शे, लाल रंगानं. बठा ना, कसं जास आंगमा ते सांगस तुम्हले."

शांताबाई बसल्या. पुड्या, विरळ वीण, सगळं ऐकलं. उठता उठता थांबल्या. ललित बाहेर गेल्याची खात्री केली आणि मालतीबाईंचा हात धरून आपल्या पदराआड नेला. तिथे सुपारीएवढं काहीतरी कडक लागलं.

"चार महिना व्हयनात," त्या कुजबुजल्या. "कोनलेच सांगेल नही."

"उद्या मन्हासंगे चाला," मालतीबाई म्हणाल्या. "आन् पोटभर प्रश्न इचारा!"

बंधुभगिनींनो, केसाच्या जाडीत शेकडो बसतील अशा पुड्यांत औषध भरून ते गाठीपर्यंत पोचवण्याइतकं माणसाचं डोकं पुढे गेलं आहे. पण त्या औषधाला माणसापर्यंत पोचायचं तर आधी रोगाचं नाव घराच्या उंबऱ्याबाहेर यावं लागतं. आजार ज्याचा, त्याच्यापासून तो लपवू नका. त्याच्या वतीने हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. नवं आहे म्हणून भुलू नका आणि नवं आहे म्हणून झिडकारूही नका. विचारा. शांताबाईंची गाठ सुपारीएवढी असतानाच तिला वाचा फुटली, कारण शेजारच्या घरात एक बाई मोठ्याने बोलली.