डबल बेल

“का रं भाऊ, आज वरडत नाय तू?” हिरी म्हातारी पायरीवरूनच म्हणाली.

सुनेशी तिचं बोलणं लांबलं होतं आणि रोहिदास कंडक्टर गप्प उभा होता. एरवी जव्हार डेपोत त्याचा आवाज दणदणायचा, “निरोप घरी उरकून यायचा! गाडी काय तुमच्यासाठी थांबणार?” लगेच दोरीला दोन झटके. डबल बेल, की गाडी सुटलीच.

“बसा आजी,” तो एवढंच म्हणाला.

ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर त्याची लेक वर्षाली बसली होती, शेजारी तिची आई जयश्री. पोरीच्या मेंदूच्या मुळाशी गाठ होती. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा जर्मनीतलं एक हॉस्पिटल ऑपरेशनला तयार झालं. वाचेलच असं तेही म्हणत नव्हते. खर्च उचलणाऱ्या संस्थेने सोबतीला एकच माणूस चालेल म्हणून सांगितलं. मनोर फाट्यावर संस्थेची गाडी येणार आणि तिथून विमानतळ. रोहिदासने साहेबांच्या हातापाया पडून आजची पालघरची ड्युटी मागून घेतली. मनोरपर्यंत तरी पोर डोळ्यांसमोर राहील!

गोरख ड्रायव्हर प्रत्येक खड्ड्यात गाडी हळूच उतरवत होता. “बैलगाडी हाकतो का रं?” मागून कुणीतरी खेकसलं. रोहिदासने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

“ओ कंडक्टर,” वर्षालीने हात पुढे केला, “एक जर्मनी द्या. जाऊन-येऊन.”

“जाऊन-येऊनच देतो,” तो हसत म्हणाला, आणि घाईघाईने मागच्या तिकिटांकडे वळला.

हिरीने ते ऐकलं. “कठं धाडतोस पोरीला?”

“समुद्रापल्याड, आजी. दवाखान्यात.”

“मंग तू रं?”

त्याने तिच्या हातावर सुटे पैसे ठेवले. विक्रमगडला उतरताना म्हातारीने वर्षालीच्या तोंडावरून हात फिरवला.

मनोर आलं. बॅगा उतरल्या. “तुमच्या गोळ्या वेळेवर घ्या,” जयश्री त्याला म्हणाली, “आणि फोन नाही आला तर लगेच जीव टांगणीला लावू नका.”

“जयश्री, मीपण येतो गं,” रोहिदास एकदम म्हणाला. सगळी गाडी ऐकत होती, त्याची त्याला शुद्ध नव्हती. “कसंही करून ने मला.”

तिने पदर तोंडाशी धरला.

मागच्या ट्रकांनी हॉर्नचा नुसता सपाटा लावला. रोहिदास वर चढला, दोरी ओढली. टण्. एकच. एक बेल म्हणजे थांबा. गोरख थांबून राहिला. दुसरी बेल द्यायला रोहिदासचा हात उचलेना. गाडी उभी होती तोवर पोर समोर होती, जिवंत होती, बघत होती त्याच्याकडे. पुढचं त्याला नको होतं. आतलं कुणीही ओरडलं नाही.

“बाबा,” वर्षाली खालून म्हणाली, “निरोप घरी उरकायचा असतो ना?”

आणि तिने गाडीच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा थाप मारली. गोरखने गिअर टाकला.

मासवणला एक बाई पायरीवर थांबून खाली उभ्या असलेल्या लेकीशी बोलत राहिली.

“ओ कंडक्टर, बेल द्या की!” माणसं वैतागली.

रोहिदासने दोरी हातात नुसती धरली होती.

“बोलू दे त्यांना,” तो म्हणाला.