पायाच्या वतीनं

भट्टी उघडायला अजून दोन दिवस तरी हवे होते. पण विटा न्यायला गाड्या येऊन उभ्या राहिल्या, मग मुकादमाला धीर कुठला? त्यानं सकाळीच हाळी दिली, "पोलाद्याला वर चढवा!"

वरची राख बाजूला केली की आतल्या विटा अजून धगधगत असायच्या. बाकीची माणसं हाताला ट्यूबचे तुकडे बांधूनही हाय हाय करत वीट टाकून द्यायची. पोलाद्या मात्र माथ्यावर उभा राहून एकेक वीट अशी काढून द्यायचा, की बघणाऱ्यानं तोंडात बोटं घालावीत. पायात काटा मोडला तर हा पठ्ठ्या गप्पा मारता मारता उपसून टाकायचा. मागे एकदा बांधावर कुऱ्हाड घसरून नडगीला बसली, तेव्हा "रक्त येतंय वाटतं," एवढंच म्हणाला. लोकांनी त्याला शूर ठरवलं आणि यानंही ठरवू दिलं. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली उतरायची लाज वाटते, दुसरं काय!

खरं काय ते फक्त बायकोला माहीत. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाली त्याला जन्मापासून दुखणं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. चटका नाही, ठेच नाही, काटा नाही. रोज दिवस कलला की ती त्याचे पाय मांडीवर घ्यायची, बैलाचे खूर बघावेत तसे उलटेपालटे करून बघायची आणि मलम लावायची. लग्नाला बारा वर्षं झाली, पण हे दाराबाहेर गेलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या सात वर्षांच्या लेकीनं चुलीवरचं उकळतं पातेलं फडक्याशिवाय उचलून आणलं. तळहाताची कातडी सोललेली आणि पोर हसतेय. शेजारीण दारातच होती. कौतुकानं म्हणाली, "बापाची लेक शोभते हो! डोळ्यात टिपूससुद्धा नाही."

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. पोर पडली तरी रडत नाही, गुणाची आहे, असं म्हणून इतकी वर्षं दोघं मूग गिळून बसले होते. आता गिळायलाही काही उरलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुई टोचून बघितली आणि विचारलं, "घरात आणखी कोणाला असं आहे का?"

पोलाद्या फरशीकडे बघत म्हणाला, "नाही."

"शाळेत सांगा. शेजारीपाजारी सांगा. हिला स्वतःला कळणार नाही, तेव्हा भोवतालच्यांना कळायला हवं. नाहीतर एखाद्या दिवशी बोटं गमावून बसेल."

घरी आल्यावर बायकोच्या तोंडाचा पट्टा सुटला. "नाही म्हणालात? लेकीच्या तोंडावर नाही म्हणालात?"

"भट्टीवर कळलं तर कोण वर चढवेल मला?"

"आणि पोरीचे हात गेले तर? तिचं सांगायला गेलं की तुमचं निघणारच. मग निघू दे की एकदाचं!"

रडू यावं, राग यावा, काहीतरी व्हावं असं त्याला वाटत होतं. पण पायांचं बधिरपण छातीपर्यंत चढल्यासारखं झालं होतं.

दोन दिवसांनी त्यानं धीर केला. भट्टीवर जेवायच्या सुट्टीत मुकादमासमोर जाऊन उभा राहिला. "मुकादम, एक सांगायचंय. मला चटका कळत नाही. शूरबिर काही नाही मी. हातापायाला दुखतच नाही माझ्या."

मुकादमाला हसताना ठसका लागला. "ऐकलंत का रे? दुखत नाही म्हणे! अरे लेका, तेच तर हवंय भट्टीला!" सगळे पोट धरून हसले. पोलाद्या पुन्हा वर चढला आणि विटा काढू लागला.

त्या संध्याकाळी त्यानं लेकीला समोर बसवलं. "रोज दिवस मावळायच्या आत हातपाय बघायचे. वरून, खालून, बोटांच्या मधे. आणि लागलेलं दिसलं की मोठ्यानं ओरडायचं. आई गं!"

"पण दुखत नाही ना बाबा. मग ओरडायचं कशाला? खोटं होईल."

"खोटं नाही. पायाला तोंड नाही. आपण त्याच्या वतीनं ओरडायचं, म्हणजे माणसं धावून येतात."

तिनं दोन-तीनदा ओरडून बघितलं आणि खुदकन हसली. मग म्हणाली, "तुम्ही ओरडता का?"

बायको भाकरी थापायची थांबली. त्यानं लेकीचे पाय पुढ्यात ओढले आणि बोटांच्या मधे बघू लागला.

दुसऱ्या दिवशी तो भट्टीवर उभा असताना वारा फिरला आणि राख उडून निखारा उघडा पडला. रबर जळाल्याचा वास आला. त्यानं खाली बघितलं. डाव्या चपलेचा तळ वितळून पायाला चिकटला होता. एरवी त्यानं चप्पल झटकून पुढची वीट उचलली असती. आज त्यानं हातातली वीट खाली ठेवली.

"आई गं!" तो ओरडला. धडा वाचून दाखवावा तसा ओरडला, पण मोठ्यानं ओरडला.

खालची रांग जागच्या जागी थांबली. मुकादम स्वतः पाण्याची बादली घेऊन धावला. काल खरं सांगितलं तेव्हा ही माणसं हसली, आज न दुखता ओरडला तेव्हा धावत आली.

"उद्यापासून खाली चिखल तुडवायला जा," मुकादम त्याच्याकडे न बघता म्हणाला. मागून कोणीतरी दात काढले, "पोलाद कसलं, मेण निघालं की!" पोलाद्याला वाईट वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही.

घरी लेक वाट बघत होती. तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला, आईसारखाच उलटा केला आणि तळव्यावर टरारून आलेला फोड बघितला. मग काही न विचारता तोंड वर करून किंचाळली, "आई गं!"

शेजारीण हातातलं काम टाकून धावत आली. "काय झालं? कोणाला लागलं? आणि बाई, तू ओरडलीस?"

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं पाय झाकला नाही.

"या वहिनी, बसा," पोलाद्या म्हणाला. "लागलंय मला. आम्हा दोघांचंही सांगायचंय तुम्हाला."