टी, ए, आर

विनिफ्रेड टकेटने थाळी पालथी केली आणि काठामागून नख फिरवलं. भट्टीत थाळी ज्या खुंट्यांवर टेकवतात, त्यांच्या तीन खुणा जागच्या जागी होत्या. टवका उडाला होता तिथे पिवळसर माती दिसत होती. वर कथलाची झिलई, दुधाळ, किंचित निळी. चर्चच्या सभागृहात सकाळपासून लोकांनी आणलेली जुनी भांडी पारखून ती कंटाळली होती. हे पहिलंच बरं भांडं.

"खरी आहे ना हो?" समोरच्या क्लेमन्सी पॉबजॉयने विचारलं. पन्नाशीची बाई. आई गेल्यावर कपाट आवरताना तिला ही थाळी सापडली होती.

"अडीचशे वर्षं थांबलीय, अजून पाच मिनिटं थांबेल."

क्लेमन्सी हसली. "मागची अक्षरं बघा. वर टी, खाली ए आणि आर. टार! आमचा कुणी पूर्वज इथल्या गोदीत जहाजांना डांबर फासायचा, असं आई सांगायची."

"आईनं तुम्हाला बनवलं. ही लग्नाची थाळी. वर आडनाव, खाली डावीकडे नवरा, उजवीकडे बायको. असंच वाचायचं असतं."

बोलता बोलता विनिफ्रेडने थाळी सुलटी केली. निळं घर, आजूबाजूला रंगात बुडवलेल्या स्पंजाचे ठसे मारून काढलेली झाडं. प्रत्येक झाडात वाटाण्याएवढी पांढरी जागा सुटलेली.

ती जागा तिला पाठ होती. तिच्या नवऱ्याने, ॲम्ब्रोजने, संग्रहालयातल्या विद्यार्थ्यांसाठी जुन्या थाळ्यांच्या नकला करायला घेतल्या, तेव्हा न्हाणीतला स्वतःचा स्पंज फाडून तिनेच त्याला तुकडा दिला होता. तुकड्याला भोक होतं. राहू दे, आपली खूण होईल, असं तो म्हणाला होता. शिवाय प्रत्येक नकलेच्या पाठीवर तो सही आणि साल घालायचा. उद्या कुणी फसायला नको म्हणून. प्रामाणिक माणूस, असं सगळं ब्रिस्टल म्हणायचं. सात वर्षांपूर्वी त्याच्या थडग्यावर तिने तेच कोरून घेतलं होतं.

तिने थाळी पुन्हा पालथी केली. सही नव्हती. साल नव्हतं. नुसती तीन अक्षरं.

"आईचं नाव काय?"

"रोझमंड. संग्रहालयात टायपिस्ट होती. लग्न नाही केलं तिनं, मला एकटीनंच वाढवलं. तुम्ही ओळखत होता?"

"नाताळला आमच्याकडे जेवायला यायची," विनिफ्रेड म्हणाली. "बदकाचा चांगला तुकडा मी तिच्या ताटात वाढायचे."

"अय्या, हो? कधी बोलली नाही."

"कशी बोलेल?"

मनातून ती नुसती जळत होती. मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. तिने पारखीचा कागद पुढे ओढला. ठिकाण: ब्रिस्टल. काळ: विसावं शतक.

क्लेमन्सीचा चेहरा पडला. "म्हणजे खोटी?"

"थाळी खोटी. अक्षरं खरी आहेत."

घडवणारा, या रकान्यापाशी पेन थांबलं. 'अज्ञात' लिहिलं की संपलं. थडग्यावरचा शब्द तसाच राहिला असता आणि या पोरीचा डांबरवालाही. विनिफ्रेडने आयुष्यात कुठल्याही भांड्याबद्दल खोटं लिहिलं नव्हतं. तिने सावकाश लिहिलं: ॲम्ब्रोज टकेट.

क्लेमन्सीने ते वाचलं. मग विनिफ्रेडच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. मग थाळीमागची अक्षरं, यावेळी नीट क्रमाने: आडनाव, नवरा, बायको.

शेवटचा रकाना उरला होता: कशावरून ठरवलं. विनिफ्रेडने लिहिलं, 'स्पंज माझा होता', आणि कागद तिच्यापुढे सरकवला.