वगळलेले ठोके

आमच्या चर्चचे डिकन, म्हणजे वडीलधारे सेवक, होझिया टिलमन यांना मी खोटं सांगितलं, आणि तेही लागोपाठ दोनदा. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी डॉक्टर लँडिसवर आग पाखडणार आहे, तेव्हा बाई स्वतःला सोडून बोलतेय असं कुणी म्हणायला नको.

मी व्हर्नेल गेन्स. इथे मिसिसिपीत, आमच्या काउंटीच्या इस्पितळात एमआरआयचं यंत्र चालवते. आमच्याकडे धडधाकट माणसं पन्नाशी-साठीत अर्धांगानं आडवी होतात. प्रत्येक घरात कुणाचं तरी तोंड वाकडं, कुणाचा तरी हात लुळा. म्हणून विद्यापीठानं अभ्यास काढला. सहाशे माणसं घ्यायची, त्यांच्या हृदयाची आणि मेंदूची चित्रं काढायची, आणि मग दहा वर्षं बघायचं, झटका कुणाला येतो आणि का येतो. काम चांगलं होतं. आजही मी तेच म्हणेन.

पण आमचे काळे लोक विद्यापीठाच्या पांढऱ्या कोटावर विश्वास ठेवत नाहीत. डॉक्टरांनी न सांगता केलेले प्रयोग आमच्या आजी-आजोबांनी भोगलेले आहेत. पहिल्या दोन महिन्यांत नऊ माणसं आली. तेव्हा अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर लँडिस यांना माझी आठवण झाली. मी रविवारी चर्चमध्ये उभी राहिले आणि म्हणाले, "यंत्रापाशी मीच असते. तुम्हाला आत घेणार मी, बाहेर काढणार मी. या." माझ्या शब्दावर लोक रांगा लावून आले.

डिकन टिलमन फेब्रुवारीत आले. एकसष्ट वर्षांचा उंचापुरा माणूस, चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेली. मला लहानपणी त्यांनीच चर्चमध्ये बायबल शिकवलं होतं. मी त्यांच्या छातीवर तारा चिकटवल्या आणि आत सरकवलं.

हृदय सारखं हलत असतं, त्यामुळे त्याचं चित्र एका दमात निघत नाही. यंत्र त्या तारांवरून ठोका ऐकतं आणि प्रत्येक ठोक्याला थोडं थोडं टिपत जातं. ठोके तालात असतील तर चित्र स्वच्छ, ताल चुकला की सगळं पुसट. त्यावर उपाय म्हणून एक बटण असतं: अनियमित ठोके वगळा. ते दाबलं की वाकडा ठोका यंत्र जमेतच धरत नाही, पुढच्या सरळ ठोक्याची वाट बघतं.

डिकनच्या हृदयात सरळ ठोका नव्हताच. दोन घाईचे, मग थांबलेलं, मग तीन, मग एकच. मी बटण दाबलं. यंत्र नुसतं वाट बघत बसलं. चाळीस मिनिटं झगडून मी फॉर्म भरला: कारण क्रमांक सात, ठोके अनियमित, चित्र वगळावं.

ते शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "काय गं पोरी, माझं हृदय नापास झालं की काय?"

तुम्ही डॉक्टर नाही, पडद्यावर काय दिसलं ते बोलायचं नाही, असं आम्हाला पढवलेलं होतं. चित्र बिघडलं तर सांगायचं वाक्यही ठरलेलं होतं, माणूस घाबरू नये म्हणून.

"थोडं हललात तुम्ही, डिकन."

"हललो? अगं, शवपेटीतसुद्धा माणूस इतका निपचित पडत नसेल!"

"मग मध्येच श्वास सोडला असेल."

यावर ते खो खो हसले. रविवारी भजनाची ओळ आधी ते एकटे म्हणत, मग सगळं चर्च त्यांच्यामागून तीच ओळ लांबवत म्हणे. त्यांच्या एका श्वासात पोरं बोटांवर वीस-बावीस मोजत.

"माझा श्वास? तुझ्या यंत्राला म्हणावं, रविवारी ये आणि पुढच्या बाकावर बस."

मीही हसले. आणि त्यांचा फॉर्म गठ्ठ्यात सरकवला.

तीन आठवड्यांनी त्यांना पत्र गेलं. ज्याच्या चित्रावर डॉक्टरनं धोक्याची खूण केली नाही, त्या प्रत्येकाला संगणक आपोआप एकच पत्र पाठवी: आपल्या तपासणीत तातडीनं कळवण्यासारखं काही आढळलेलं नाही. आणि वगळलेली चित्रं कुणी डॉक्टर उघडतच नसे. उघडलं नाही म्हणून खूण नाही, खूण नाही म्हणून पत्र. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. इतकी शिकलेली माणसं, दर मंगळवारी बैठका, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याही नाही.

ऑगस्टमध्ये डिकनना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांची बायको, मिस ओझेला (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला लग्न झालेलं असलं तरी मिसच म्हणतात), मला इस्पितळात कॉफीच्या यंत्रापाशी भेटली. तिनं पर्समधून ते पत्र काढून माझ्या हातात दिलं.

"छातीत फडफडतंय म्हणायचा उन्हाळाभर. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. तर म्हणाला, विद्यापीठाच्या एवढ्या मोठ्या यंत्रानं बघितलंय, काही नाहीये, लेखी आहे. तू होतीस ना तेव्हा?"

"हो, मिस ओझेला."

"मग काय दिसलं तुला?"

मी कॉफीत आणखी एक चमचा साखर टाकली.

"व्हर्नेल गेन्स, मी तुला विचारतेय. तुझी आई असती तर तिनंही हेच विचारलं असतं."

"ठोके वाकडे होते त्यांचे."

"आणि तू त्याला सांगितलंस, तू हललास म्हणून." तिचा आवाज जराही चढला नाही. "सहा महिने तो लोकांना हसत हसत सांगत होता. व्हर्नेल म्हणते मला श्वास धरता येत नाही."

असं हृदय रक्त पुरतं बाहेर ढकलत नाही. रक्त कोपऱ्यात साचतं, गुठळी होते, आणि ती सुटली की सरळ मेंदूत. रक्त पातळ ठेवायची गोळी मिळाली तर बहुतेक माणसं वाचतात. हे आमच्या इस्पितळातली कुठलीही नर्स सांगेल. आणि आम्ही, अर्धांग का होतं हे शोधायला बसलेले शहाणे, नेमकी तीच माणसं चित्र खराब म्हणून केरात टाकत होतो! आमची आकडेवारी स्वच्छ यावी म्हणून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच दुपारी मी वगळलेल्यांची यादी काढली. कारण क्रमांक सात: चौदा जण. नावं नव्हती, नुसते क्रमांक आणि तारखा. तारखांवरून बारा चेहरे मला आठवले. दोन काही केल्या आठवेनात. यादी घेऊन मी डॉक्टर लँडिसच्या खोलीत गेले.

लँडिस वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यानं यादी दोनदा वाचली, चष्मा काढला, डोळे चोळले.

"हे गंभीर आहे, व्हर्नेल. नैतिकता समितीपुढे ठेवायला हवं."

"बैठक कधी आहे?"

"सहा आठवड्यांनी. संमतीपत्रात स्पष्ट लिहिलंय की ही तपासणी निदानासाठी नाही. परवानगीशिवाय कुणाशी संपर्क केला तर अख्खा अभ्यास बंद पडेल. सहाशे माणसांचं काम आहे हे."

"त्यातल्या चौदांना आपण आधीच बाहेर काढलंय, डॉक्टर. ते तुमच्या सहाशेत नाहीत, आणि त्यांना ते माहीतसुद्धा नाही."

"मला समजतंय तुम्हाला काय वाटतंय."

"नाही समजत! समजलं असतं तर फोन हातात असता. या यादीत तुमची आई असती, तर सहा आठवडे थांबला असतात?"

त्यानं चष्मा परत चढवला. मग अगदी हळू म्हणाला, "तुम्ही त्या लोकांना घरी जाऊन सांगितलंत, तर मला तुम्हाला काढावं लागेल. बहुधा यंत्र चालवायचा परवानाही जाईल. कृपा करून तसं करू नका. बैठकीत पहिलाच विषय हा ठेवतो."

पहिलाच विषय! जशी काही मेहेरबानीच. मी दार आपटून बाहेर आले. दार आपटल्यावर बरं वाटलं, दोन मिनिटं.

आठ दिवसांवर पाचवा रविवार होता. ज्या महिन्यात पाच रविवार येतात, त्यातल्या शेवटच्याला आमच्या भागातली तिन्ही चर्च एकत्र जमतात, आणि अभ्यासातली आमची सगळी माणसं या तीन चर्चमधलीच होती, म्हणजे न आठवलेले ते दोघंही तिथेच सापडणार होते. भजन झालं, दुसऱ्याच कुणीतरी म्हटलेलं. मग पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? साक्ष म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते उभं राहून सांगायचं. मी उभी राहिले.

"मी देवाबद्दल बोलायला उठले नाहीये," मी म्हणाले.

"बोल पोरी, बोल," मागून कुणी म्हातारी म्हणाली, सवयीनं.

"मी कुणाचं नाव घेणार नाही. पण माझ्या यंत्रातून बाहेर आल्यावर ज्यांना ज्यांना मी म्हणाले, तुम्ही हललात म्हणून चित्र बिघडलं, त्यांनी उभं राहा."

हातपंखे हलायचे थांबले.

"तुम्ही हलला नव्हता. मी खोटं बोलले. तुमचे ठोके वाकडे होते, आणि तुम्हाला जे पत्र आलं ते तुमचं चित्र न बघता पाठवलेलं आहे. ते फाडून टाका आणि उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. डिकन टिलमनचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आता उभे राहा, म्हणजे तुम्ही ऐकलंत हे मला कळेल."

आधी एक म्हातारा उठला, काठीवर रेलून. मग दोन बहिणी. मग एकेक करत उठत गेले. मी मोजत होते. कुणी माझ्याकडे रागानं बघत होतं, कुणी स्वतःच्याच छातीवर हात ठेवून होतं. बाराव्या माणसापाशी माझा श्वास मोकळा झाला. डिकन धरून तेरा. आता एकच राहिला.

मागच्या बाकावरून ओडेल स्ट्रिंगर उठला. तिशीतला, लाकडाच्या वखारीत कामाला.

"ओडेल, तू तर कधी आला नव्हतास," मी म्हणाले.

"मी नाही. माझी आई आली होती."

मिस बर्डी स्ट्रिंगर. न आठवलेल्या दोघांतली एक. एप्रिलमध्ये ती स्वयंपाकघरात कोसळली आणि तिथेच गेली. मी तिच्या मातीला गेले होते. नंतर चर्चच्या तळघरात बसून तळलेलं चिकन खाल्लं होतं, ओडेलच्या खांद्यावर हात ठेवून चार शब्दही बोलले होते. आणि तरी माझ्या डोक्यात काही जुळलं नव्हतं.

"ओडेल, मी..."

"थांब. माझं होऊ दे." त्यानं पुढच्या बाकाची कड धरली होती. "त्या दिवशी घरी आली ती हिरमुसून बसली. म्हणाली, मी मेली एक जागी स्वस्थ पडत नाही, त्या पोरीचा तास वाया घालवला. जाईपर्यंत दर रविवारी म्हणायची, व्हर्नेल भेटली की तिची माफी मागायचीय. तू इतक्या घाईत असायचीस, तिला जमलंच नाही."

एवढं बोलून तो खाली बसला नाही. उभाच राहिला, माझ्याकडे बघत. बाकीचे बाराजणही उभेच होते.