नव्या आयसीयूची लाइन

दवाखान्याचा जनरेटर मी सांभाळतो, गेली अठरा वर्षं. दर सोमवारी सकाळी चालू करायचा, दहा मिनिटं फिरवायचा, बंद करायचा. लोड मात्र टाकायचा नाही, म्हणजे दवाखान्याची वीज त्यावर घ्यायची नाही. लोड टाकला की क्षणभर दिवे जातात, मशीनं ओरडतात आणि मोठे डॉक्टर दवाखाना डोक्यावर घेतात. म्हणून आमची चाचणी म्हणजे नुसती धडधड. मीही म्हणायचो, "चालतोय ना? मग झालं तर!"

त्या दिवशी भर दुपारी वीज गेली. वर नव्या आयसीयूत माझी ताई व्हेंटिलेटरवर होती. तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेला विभाग, सगळं कोरं करकरीत. "तिला तिथेच ठेवा" म्हणून मीच भांडलो होतो. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला, लोडही घेतला. मी खूश. तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, वर अंधार आहे!" आयसीयूची सिस्टर ओरडत होती.

"काहीतरीच काय! मला इथून कँटीनचा पंखा फिरताना दिसतोय."

"चुलीत घाला तो पंखा! मशीनं बॅटरीवर आहेत, आणि बॅटरी संपत आलीय!"

मी जनरेटरचं पॅनेल उघडलं आणि एकेक वायर तपासली. कँटीनची वायर होती, लॉन्ड्रीची होती, साहेबांच्या एसीचीसुद्धा होती. नव्या आयसीयूची नव्हती! नवा विभाग बांधणाऱ्या ठेकेदाराने ती लाइन थेट बाहेरच्या विजेवर जोडून टाकली होती, जनरेटरवर घेतलीच नव्हती. त्याला शिव्या घातल्या, मग स्वतःला घातल्या. एकदा, फक्त एकदा लोड टाकून पाहिलं असतं तर?

खरं तर तेव्हाच केबल ओढायला घ्यायची. पण पाय वर ताईकडे पळाले. तीन खाटा, एकच सिस्टर. दुसरी सिस्टर मदतीला माणसं गोळा करायला धावली होती, डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. सिस्टर दोन खाटांच्या मधे उभी राहून दोन्ही हातांनी दोन रबरी पिशव्या दाबत होती. एकेका दाबाबरोबर एकेकाच्या छातीत हवा जात होती. ताईचं मशीन माझ्यासमोर बंद पडलं. सिस्टरने सांगितलं तशी तिची पिशवी मी दाबायला घेतली.

"तुम्ही खाली जा! वीज आणा!"

"माझी बहीण आहे हो ही!"

"आणि हे दोघं काय कुणाचेच नाहीत? वीज तुमच्याशिवाय कोण जोडणार?"

दारात एक बाई उभ्या होत्या. तिसऱ्या खाटेवर त्यांचे यजमान. त्या पुढे आल्या. "ह्यांच्याजवळ सिस्टर आहेत. ताईंची पिशवी माझ्याकडे द्या, तुम्ही पळा."

मी पळालो. लॉन्ड्रीची लाइन तोडली, ती केबल आयसीयूला जोडली. घाईत स्क्रू दोनदा खाली पडला. वीस मिनिटं गेली. दिवे लागले तसा जिना चढून वर आलो.

दुसऱ्या खाटेचं मशीन पुन्हा सुरू झालं होतं; ताईचं अजून जोडायचं होतं, पण तिची छाती वरखाली होत होती. तिसऱ्या खाटेपाशी सिस्टर उभी होती, हातातली पिशवी थांबलेली. तिने माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

बाईंची पाठ त्या खाटेकडे होती. त्या अजून ताईची पिशवी दाबत होत्या, कपाळावरून घाम निथळत होता.

"दादा, एकदाही थांबले नाही हं मी," त्या म्हणाल्या. "ताई ठीक आहेत ना? मग आता ह्यांच्याजवळ जाऊ?"

मी त्यांचा हात धरला. दुसऱ्या हाताने ताईची पिशवी दाबायला घेतली.