अकरा दिवसांचा वारा

एका जागी थांबून बोलायची मला सवय नाही, म्हणून फिरता फिरताच सांगते. मी वारा मोजणारं यंत्र. तीन वाट्या आणि एक दांडा, बस्स. वस्तीतली माणसं मला भिंगरी म्हणतात आणि मला ते आवडतं.

कारखान्यातून मला थेट या माळावर आणून दहा मीटर उंच खांबाच्या टोकावर बसवलं. खालच्या वस्तीपर्यंत विजेची तार कधी आलीच नाही. इंजिनिअर म्हणाले, "वर्षभर हिला फिरू द्या. वारा पुरेसा निघाला तर इथे पवनचक्क्या उभ्या राहतील." झालं! तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. वारा जरा पडला की माझा जीव टांगणीला लागतो.

सगळ्यात जास्त घाई नर्सबाईंना. त्यांच्या दवाखान्यात फ्रिज नाही. लशी बर्फाच्या डब्यातून येतात आणि दुपारपर्यंत बर्फाचं पाणी होतं. उरलेल्या लशी त्यांना स्वतःच्या हातांनी टाकून द्याव्या लागतात. दर आठवड्याला त्या चढ चढून येत आणि माझ्या राखणदाराला, म्हणजे आपल्या सख्ख्या मामांना, विचारत, "मामा, फिरतेय ना?"

मामा मला तळहाताच्या फोडासारखं जपत. घात झाला तो त्या जपण्यानेच.

दहाव्या महिन्यात वादळी वारा सुटला. मी अशी सुसाट फिरत होते की विचारू नका! हीच तर माझी परीक्षा. पण मामांचं धाबं दणाणलं. "मोडली तर साहेबांना काय तोंड दाखवू?" म्हणत ते जीव मुठीत धरून वर चढले, मला सोडवलं, रजईत गुंडाळलं आणि ट्रंकेत ठेवलं. अकरा दिवस बाहेर वारा घोंघावत होता आणि मी आत नुसती तडफडत होते. वारा ओसरल्यावर मी परत खांबावर. मामा स्वतःवर भलतेच खूश.

इंजिनिअर आले, त्यांनी माझ्या फेऱ्यांच्या नोंदी उघडल्या. "ऐन वादळात अकरा दिवस शून्य?"

"ट्रंकेत होती ना साहेब! साधा ओरखडासुद्धा नाही."

इंजिनिअर आधी हसले, मग डोकं धरून बसले. वाऱ्याचे दिवसच गेले म्हटल्यावर ते वर्ष धरता येईना. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जाताना ते बजावून गेले, मोडली तर दुसरी बसवू, पण हिला हात लावायचा नाही.

नर्सबाई महिनाभर माळावर फिरकल्या नाहीत. मामा बिचारे रोज वाटेकडे डोळे लावून बसत. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

आता पुन्हा तसाच वारा सुटलाय. आजचा तिसरा दिवस. सकाळपासून माझ्या एका वाटीला तडा गेलाय, कटकट आवाज होतोय. मामांनी तो ऐकलाय. त्यांचा एक पाय शिडीवर आहे, आणि नर्सबाई धावत येऊन त्यांचा सदरा घट्ट धरून उभ्या आहेत.

"अगं, मोडेल ती!"

"मोडू दे! आत्ताच चौदा लशी टाकून आलेय मी. मामा, खाली या."

मामा वर माझ्याकडे बघतायत. पाय अजून शिडीवरच आहे.

मामा, तुमची माया मला कळते हो. पण वाटी तुटेपर्यंत जेवढा वारा मोजेन, तेवढा तुमच्या भाचीच्या कामाचा आहे. पाय खाली घ्या. मला फिरू द्या.