बारदानाचं गणित

शामसुंदर सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आज एकदाच बघतो. पोरं नुसती खेळत असतील तर चित्रांचा तास उद्यापासून बंद." मुख्याध्यापकच ते, आणि बीजगणितात चित्रं काढणं म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध थिल्लरपणा. उज्वलाबाई मात्र सकाळपासून नुसत्या हवेत होत्या. सटाण्याच्या या शाळेतली आठवीची मुलं क्ष दिसला की माना खाली घालायची, आणि हल्ली तीच मुलं मधली सुट्टी बुडवून कोडी मागत होती. हा तास गेला असता तर बाईंचा जीवच गेला असता.

सर मागच्या बाकावर बसले. बाईंनी फळ्यावर झोकात तराजू काढला. एका पारड्यात कांद्याच्या दोन सारख्या गोण्या आणि दहा किलोचं वजन, दुसऱ्यात सत्तर किलो.

"एका गोणीत कांदा किती?"

"तीस!" सगळा वर्ग ओरडला. बाईंचा चेहरा खुलला.

"एकोणतीस," निकिता म्हणाली.

बीजगणिताच्या तासाला निकिताने कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि उघडलं तेही आजच. मागे सरांनी घसा खाकरला.

"कसं गं?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"बाई, बारदाननं वजनबी शे ना." निकिता उठून उभी राहिली. "रिकामी गोणी किलोभर भरते. तुम्ही कांदा विचारला, गोणी नाही."

कांद्याच्या गावात येऊन बाई गोणीचंच वजन विसरल्या होत्या. कानापर्यंत लाल होत त्यांनी खडू पुढे केला. "मांड बरं."

निकिताने आधी प्रत्येक गोणीभोवती एक गोल काढला, मग खाली लिहिलं: २(क्ष + १) + १० = ७०. कंस! तीन आठवडे घसा कोरडा करूनही जो कुणाच्या गळी उतरला नव्हता, तो कंस. बाईंना तिला उचलून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात सर तरातरा पुढे आले. त्यांनी निकिताच्या हातातला खडूच काढून घेतला.

"आणि बारदान ओलं असलं तर? दीड किलो धरा."

"साडेअठ्ठावीस!" पोरं बाकांवर चढली. सरांनी तिसरी गोणी काढली, मग पारड्यात चक्क एक बकरी बसवली. घंटा होऊन गेली तरी कुणी हलेना.

खडूने माखलेले हात झटकत सर हळूच म्हणाले, "उज्वलाबाई, उद्याचा हा तास मी घेतला तर?"

"नाही सर," बाई म्हणाल्या. "तुम्ही मागच्या बाकावर बसा."